परक्यांत मोजलेला

एखाद्याचे प्राण वाचवणे हे पुण्यकर्म होय, याविषयी कोणत्याही शास्त्रात दुमत नाही. परंतु ज्याचे प्राण वाचवले, त्याच्यापासूनच त्याची किंमत लपवून ठेवली, तर त्या पुण्याला कोणते नाव द्यावे, याविषयी मात्र शास्त्रे मौन पाळतात. ते मौन माणसाला आपापल्या घरातच मोडावे लागते. डॉ. केशव रिसबूड यांच्या घरात ते मोडले, तेव्हा त्यांच्या उपचारपद्धतीने बरे झालेले रोगी देशोदेशी हिंडत-फिरत होते, आणि त्यांच्या पत्नीची प्रकृती उत्तम होती.

केशवरावांचे सारे संशोधन एकाच प्रश्नाभोवती फिरत आले होते. शरीर आपले कोण आणि परके कोण, हे कसे ओळखते? विद्यार्थिदशेत या प्रश्नाने त्यांना पकडले, परदेशातल्या प्रयोगशाळांत त्याने त्यांची तारुण्याची वर्षे घेतली, आणि पुण्याच्या पश्चिमेला टेकडीच्या उतारावर त्यांनी स्वतःची संस्था उभारली तीही त्याच प्रश्नासाठी.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे रक्षक असतात. त्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या इवल्याशा ग्रंथीत होते. ही ग्रंथी म्हणजे एक कडक गुरुकुल. तेथे प्रत्येक कोवळ्या पेशीपुढे शरीराच्या स्वतःच्या खुणा मांडल्या जातात, आणि जी पेशी त्या खुणांवर धावून जाते तिला तेथेच संपवले जाते. बाहेर पडतात त्या केवळ विवेकी पेशी: आपल्याला क्षमा करणाऱ्या, परक्याला न सोडणाऱ्या. कर्करोगाचे कपट असे की तो बाहेरून येत नाही. तो घरातच उपजतो, घराचीच वस्त्रे लेऊन हिंडतो, आणि रक्षक त्याला वाट देतात. पूर्वीचे संशोधक कर्कपेशीच्या अंगावरची एखादी वेगळी खूण शोधीत आणि तिच्यावर औषध सोडीत. पेशी ती खूण टाकून दुसरी घेई, आणि सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून.

केशवरावांनी प्रश्नच उलटा धरला. शत्रूची ओळख करून देऊ नका, घराची द्या. रोग्याच्या निरोगी पेशींवरच्या एकूण एक खुणांचा त्यांनी संगणकाकरवी एक संपूर्ण पट विणवला. त्याला ते ‘स्वपट’ म्हणत. रोग्याच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना हा पट शिकवायचा आणि परत रक्तात सोडायचे. मग जे जे पटात बसत नाही, ते ते परके. कर्क कितीही वेष पालटो, वेष पालटणे हाच त्याचा पुरावा ठरे. या उपचाराला ‘स्वबोध’ असे नाव पडले, आणि शतकाचे चौथे दशक संपता संपता ते नाव घरोघरी झाले.

या कीर्तीच्या पायाशी एक लहानशी अडचण होती, आणि तिची प्रयोगशाळेत थट्टा चाले. स्त्रियांच्या नमुन्यांत मधूनच वाय गुणसूत्र असलेली एखादी पेशी आढळे. वाय गुणसूत्र पुरुषाचे. केशवरावांनी आरंभी ती हाताळणाऱ्या पुरुषांच्या त्वचेची धूळ मानली आणि नियम केला की स्त्रियांचे नमुने स्त्रियांनीच हाताळावेत. नियम कसोशीने पाळला गेला. पेशी येतच राहिली. मुली हसत म्हणायच्या, “आज परत पाहुणा उतरलाय गं!” आणि यंत्राला आज्ञा देऊन पाहुण्याला गाळून टाकायच्या. स्वपट स्वच्छ निघे.

एके दिवशी डॉ. रुबिना मुजावर त्यांच्या खोलीत आल्या. या केशवरावांच्या पहिल्या विद्यार्थिनी. आता स्वतःच विभागप्रमुख होत्या, परंतु सरांपुढे अजूनही उभ्याने बोलत.

“सर, हा पाहुणा बहुतेक वेळा मुलगा झालेल्या बायकांकडेच उतरतो.”

“ठाऊक आहे. गर्भाच्या पेशी त्या. वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि वर्षानुवर्षं राहतात. मुलींच्याही राहतात, फक्त आपल्याला आईहून वेगळ्या ओळखू येत नाहीत. मागच्या शतकापासूनची माहिती आहे ही, रुबिना.”

“मग आपण त्यांना परक्यांत का मोजतो? आईचं शरीर तर मोजत नाही.”

प्रश्न खरा होता. गर्भ हा मातेला अर्धा परकाच. अर्ध्या खुणा पित्याच्या. तरी मातेचे रक्षक त्याला नऊ महिने सांभाळतात, आणि तो जगात आल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या पेशींनाही सांभाळतात. त्या पेशी तिच्या हृदयात, यकृतात, मेंदूतही सापडल्या आहेत. काही ठिकाणी जखम सांधताना दिसल्या आहेत. देहाने स्वतःच केलेला हा अपवाद स्वपटाला मात्र ठाऊक नव्हता; उपचारात त्या पेशी मारल्या जात.

“पटात दुसऱ्याचा एक धागा घातला, की कर्क तोच धागा धरून आत शिरेल,” केशवराव म्हणाले. “लाखात एखादी पेशी. तिच्यासाठी उपचार लंगडा करायचा?”

“तसं नाही सर. पण कुणाला सांगायला तरी...”

“काय सांगायचं? आई जगते. तेवढं पुरे आहे.”

रुबिना आपल्या विभागात परतल्या. परंतु फावल्या वेळात त्या मातेच्या पटात अपत्याचा पट सुरक्षितपणे विणून ‘जोडपट’ करता येईल का, याचा शोध घेत राहिल्या. केशवरावांनी त्यांना अडवले नाही. ते स्वभावाने उदार होते.

पुढच्याच वर्षी सुनेत्राबाईंच्या स्वादुपिंडात गाठ निघाली.

सुनेत्राबाई रिसबूड जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बोलणे मोजके, दृष्टी तीक्ष्ण, आणि विनोदाला धार. तपासणीचा निष्कर्ष ऐकल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तीस वर्षं तुझा शत्रू तुला घरी येऊन भेटला नव्हता. आला शेवटी.”

त्यांचा एकुलता मुलगा निहार हिमनद्यांचा अभ्यासक होता. सहा वर्षांपूर्वी हिमालयात बर्फाची जाडी मोजायला गेलेली त्याची तुकडी हिमकडा कोसळून नाहीशी झाली. शोध पुष्कळ झाला. देह मिळाला नाही. शास्त्राप्रमाणे पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी दिला गेला. त्या वेळी सुनेत्राबाई इतकेच म्हणाल्या होत्या, “पानं जळली. तो कुठे आहे?” त्यानंतर या विषयावर त्या बोलल्या नाहीत.

स्वपटासाठी त्यांचा नमुना घेतला त्याच्या दुसऱ्या दिवशी रुबिनांनी केशवरावांना बोलावून पडद्यासमोर बसवले.

“मॅडमच्या नमुन्यात पाहुणा आहे, सर. थोडा नाही, पुष्कळ आहे. गाठीच्या कडेला तर गर्दी आहे. लढतायत की गाठीला पोसतायत, ते नाही सांगता येत. पण आहेत.”

पडद्यावर काळोख्या पार्श्वभूमीवर काही पेशी हिरव्या तेजाने लुकलुकत होत्या. केशवरावांनी आयुष्यात लक्षावधी पेशी पाहिल्या होत्या. यांच्याकडे पाहताना त्यांनी चष्मा काढून ठेवला, आणि मग दिसेना म्हणून पुन्हा लावला.

“निहार,” ते म्हणाले.

“हो, सर.”

केशवराव पडद्याकडे पाहत राहिले. मग रुबिना हळूच म्हणाल्या, “माझा जोडपट जवळजवळ जमलाय. या पेशींवरूनच निहारचा पट वाचता येईल. पाच-सहा आठवडे द्या. मॅडमना उपचारही मिळेल आणि हे... हेही राहतील.”

“पाच-सहा आठवड्यांत गाठ यकृतात जाईल.”

“जाईल असं नाही. जाऊ शकते.”

“तू नवरा नाहीस तिचा.”

हे वाक्य तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःलाच रुतले. रुबिनांनी मान खाली घातली. “मग मॅडमना विचारा, सर. त्या सांगतील तसं.”

केशवराव घरी गेले. त्यांनी विचारले नाही. रुबिनांना मात्र दुसऱ्या दिवशी सांगितले, “विचारलं. ती म्हणाली, थांबायचं नाही.” आयुष्यभर एकही आकडा खोटा न लिहिलेल्या माणसाचे हे पहिले असत्य, आणि ते उच्चारताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. पुढे त्यांना सर्वांत अधिक भय वाटले ते याचेच.

संमती द्यायच्या दिवशी सुनेत्राबाई जेवणाच्या मेजाशी बसल्या होत्या. समोर चहाचे दोन पेले.

“छापलेलं राहू दे,” त्या म्हणाल्या. “छापलेल्या मजकुरावर विश्वास ठेवून मी कधी निकाल दिला नाही. तू तोंडाने सांग. या उपचारात माझं काय काय जाईल?”

“ताप येईल. चढेल. अशक्तपणा राहील. जुन्या लसींची आठवण पुसली जाईल, त्या पुन्हा घ्याव्या लागतील.”

“आणखी?”

“तोंडाची चव जाईल काही दिवस.”

“तुझ्या हातचं जेवायचं असेल तर बरंच आहे की. आणखी?”

केशवरावांनी पेला उचलला. चहावर साय धरली होती. ती त्यांनी चमच्याने बाजूला केली.

“आणखी काही नाही,” ते म्हणाले.

सुनेत्राबाई त्यांच्याकडे क्षणभर पाहत राहिल्या. मग त्यांनी सही केली.

शिकवलेल्या टी-पेशी रक्तात सोडल्यावर काही दिवसांनी ताप चढला. हा ताप म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण. इतर रोग्यांच्या नातेवाइकांना केशवराव स्वतः सांगत की ताप आला तर पेढे वाटा. पत्नीच्या उशाशी बसून ते तिच्या कपाळावरच्या घड्या बदलत होते, आणि तापमापकाचा आकडा वाढताना त्यांच्या मनात आनंद उसळत होता. त्या आनंदाखाली दुसरे काही होते, त्याकडे ते पाहत नव्हते.

तरी रोज सकाळी ते प्रयोगशाळेत जात. सुनेत्राबाईंच्या रक्ताची तपासणी रुबिना करीत. केशवराव काचेपलीकडे उभे राहत, आत येत नसत. नियम त्यांचाच होता. शिवाय वाय गुणसूत्र मुलाला बापाकडूनच मिळते. त्यांच्या बोटावरची धूळ त्या नमुन्यात पडली असती, तर ती निहारसारखीच दिसली असती. पहिल्या सकाळी हिरवे ठिपके पूर्वीइतकेच होते. मग ते विरळ झाले. एका सकाळी रुबिनांनी पुष्कळ वेळ शोधले, दुसरा नमुना लावला, तिसरा लावला. मग काचेतून त्यांच्याकडे पाहून मान हलवली.

त्या दिवशी दुपारी ताप उतरला. सुनेत्राबाईंनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “भूक लागलीय रे.” केशवरावांनी स्वतः मऊ भात केला. भरवताना दोन-तीनदा भात त्यांच्याकडून सांडला. सुनेत्राबाईंना वाटले, आनंदाने.

गाठ गेली. वर्ष गेले. सुनेत्राबाई पुन्हा फिरायला जाऊ लागल्या, नवी कायद्याची पुस्तके मागवू लागल्या, मोलकरणीच्या मुलीच्या प्रवेशासाठी शाळेशी भांडल्या. केशवराव सभांतून सत्कार घेत आणि घरी लवकर परतत. पत्नीकडे ते आता अशा नजरेने पाहत की एकदा त्या म्हणाल्याही, “मी काही काचेची नाही. जरा वर्तमानपत्र वाच.”

वर्षाची तपासणी निर्मळ आली, तेव्हा रुबिना साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन घरी आल्या. केशवराव बाहेर गेले होते. दोघी बैठकीत बसल्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. निघताना रुबिनांनी सुनेत्राबाईंचा हात हातात घेतला.

“मॅडम, एक बोलू? वर्षभर मनात होतं. तुमच्या जागी मी असते तर मला नसतं जमलं. निहारच्या पेशी जातील हे माहीत असून तुम्ही थांबायचं नाही म्हणालात. केवढा धीर लागला असेल.”

सुनेत्राबाईंनी हात सोडवला नाही. न्यायासनावर असताना अनपेक्षित साक्ष पुढे आली की त्यांचा चेहरा जसा होत असे, तसाच झाला.

“बस जरा, रुबिना,” त्या म्हणाल्या. “आणि ‘निहारच्या पेशी’ म्हणजे काय, ते मला पहिल्यापासून सांग. सोपं करून सांग.”

रुबिनांनी सांगितले. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांचे शब्द अडखळू लागले. सुनेत्राबाई म्हणाल्या, “थांबू नकोस. तुझा काही दोष नाही यात. पूर्ण कर.”

केशवराव घरी आले तेव्हा पेढ्यांचा पुडा मेजावर तसाच बांधलेला होता. पत्नी खिडकीशी उभी होती.

“रुबिना येऊन गेली,” त्या म्हणाल्या. पुढे काही सांगण्याची आवश्यकता नव्हती.

केशवराव खुर्चीत बसले.

“सहा वर्षं,” सुनेत्राबाई म्हणाल्या, “सहा वर्षं मी त्या बर्फाकडे बघत होते. टीव्हीवर बर्फ दिसला की बंद करत होते. आणि तो इथे होता. त्याचा पृथ्वीवर उरलेला सगळा देह इथे होता, केशव. माझ्यात. आणि हे तुला ठाऊक होतं.”

“तू गेली असतीस.”

“कदाचित.”

“कदाचित नाही! मी तुला ओळखतो. सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. त्याच्यासाठी थांबली असतीस आणि माझ्यासमोर गेली असतीस. मला दोघांतलं एकच राखता येत होतं.”

“मी हो म्हणालेही असते,” त्या शांतपणे म्हणाल्या. “थांबायचं नाही, उद्याच सुरू करा, असं. मला जगायला आवडतं. एक दिवस मागून घेतला असता फक्त. दार लावून बसले असते त्याच्याबरोबर. काय बोलले असते कोण जाणे. किंवा थांबले असते आणि मेले असते. यातलं मी काय केलं असतं, ते तुला ठाऊक नाही, आणि मलाही नाही. आता कधी कळायचं नाही. तू माझा मुलगा नेलास असं मी नाही म्हणत. तो रोगाने नेला म्हण, बर्फाने नेला म्हण. तू माझं उत्तर नेलंस.”

केशवरावांनी चष्मा काढून मेजावर ठेवला.

“विचारलं होतं मी तुला. तीन वेळा विचारलं, काय काय जाईल. तू साय काढत बसलास. मला दिसलं होतं रे. जन्म गेला माझा साक्षीदारांचे हात बघण्यात. मला वाटलं, घाबरलाय बिचारा.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. “एखादी तरी ठेवलीस का काढून? एखादी?”

“नाही.”

“का?”

“ठेवली असती तर तुला सांगावं लागलं असतं.”

सुनेत्राबाईंनी मान डोलावली, जणू हे उत्तर त्यांना अपेक्षितच होते. दोन दिवसांनी त्या कऱ्हाडला धाकट्या बहिणीकडे राहायला गेल्या. भांडण झाले नाही. जाताना त्यांनी केशवरावांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोठे ठेवल्या आहेत तेही सांगितले.

केशवरावांनी संस्थेच्या सभेत सारे सांगितले, आणि अपत्य झालेल्या स्त्रियांसाठी स्वबोध उपचार तात्पुरता थांबवला. टीका झाली. काहींनी म्हटले, एवढ्याशा पेशींसाठी रोग्यांना ताटकळत ठेवायचे काय? टीका करणाऱ्यांचे युक्तिवाद केशवरावांना पाठ होते. ते त्यांचेच होते. शेवटी ठरले की प्रत्येक मातेला विचारायचे. विचारायचे काय, याचा मसुदा कोणालाच जमेना. तेव्हा रुबिनांनी कऱ्हाडला फोन केला. सुनेत्राबाईंनी क्षणभर विचार करून चार वाक्ये सांगितली: “तुमच्या मुलांच्या काही पेशी तुमच्या शरीरात अजून आहेत. उपचार आज केला तर त्या जातील. थांबलात तर राखता येतील, पण थांबण्यात जिवाला धोका आहे. काय करायचं, ते तुम्ही सांगा.” आणि पुढे बजावले, “विचारून झालं की गप्प बसायचं. समोरची बाई बोलेपर्यंत.”

या प्रश्नाला सामोऱ्या गेलेल्यांत फलटणकडच्या हौसाबाई होत्या. केशवराव दाराशी उभे होते, रुबिना खाटेजवळ.

“म्हंजी आमचा बाळ्या हितं हाय?” हौसाबाईंनी छातीवर हात ठेवून विचारले. “सुरतेला जाऊन बसलाय, सा-सा म्हयनं फोन करत न्हाई मुडदा, अन् हितं फुकाट ऱ्हायलाय व्हय? घाला भाईर!”

खोलीतले सगळे हसले. हौसाबाईही हसल्या. सांगितल्याप्रमाणे रुबिना पुढे काही बोलल्या नाहीत. हौसाबाईंचे हसू हळूहळू ओसरले.

“डाक्टरीणबाई, बाळ्याच्या आधी एक पोर हुतं. जल्मलं अन् गेलं. नाव बी ठिवलं न्हवतं. त्ये बी आसंल का?”

“असू शकेल, आजी. नक्की नाही सांगता येत.”

हौसाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. “मग थांबते की,” त्या म्हणाल्या. “त्याला यकटंच कसं घालवू?”

त्या थांबल्या. जोडपट प्रत्येकीचा नव्याने विणावा लागे आणि त्याला आठवडे लागत; हौसाबाईंचा तयार झाला, परंतु तोवर गाठ पसरली होती, आणि त्या गेल्या. शेवटपर्यंत त्या कुरकुरल्या नाहीत. सुरतेहून आलेल्या बाळ्याला मात्र त्यांनी यथेच्छ शिव्या दिल्या.

ही वार्ता घेऊन केशवराव कऱ्हाडला गेले. न बोलावता गेले. सुनेत्राबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. खाली कृष्णा आणि कोयना एकमेकींना भेटत होत्या. त्यांनी सारे ऐकून घेतले.

“म्हणजे थांबले असते तर मीही गेले असते.”

“बहुधा.”

“म्हणून तू बरोबर होतास?”

केशवरावांनी पाण्याकडे पाहिले. वाटेत गाडीत त्यांनी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे जुळवली होती.

“नाही,” ते म्हणाले. “तिला विचारलं होतं. तुला नव्हतं विचारलं.”

सुनेत्राबाईंनी पायरीवरचा एक खडा पाण्यात टाकला. मग त्यांनी विचारले, “तो कोणत्या दिवशी गेला?”

“कोण?”

“निहार. माझ्यातला. शेवटची पेशी कधी गेली, ते तुला ठाऊक असणार. तू रोज बघत असशील. मी ओळखते तुला.”

“ताप उतरला त्या दिवशी सकाळी. त्याच्या आधीच्या सकाळी दोन होत्या.” ते थांबले. “होळी होऊन दोन दिवस झाले होते.”

“फाल्गुन वद्य द्वितीया,” सुनेत्राबाई पुटपुटल्या.

ज्याचा मृत्युदिन कळत नाही, त्याच्यासाठी शास्त्राने अमावास्या नेमून दिली आहे. सर्व हरवलेल्यांचा तो सामाईक दिवस. हिमकडा नेमका कोणत्या दिवशी कोसळला हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे निहारचे श्राद्ध आजवर त्या सामाईक दिवशीच होत आले होते. आज त्याला स्वतःची तिथी मिळाली.

“तू काचेपलीकडे होतास,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “तो गेला तेव्हा तू होतास तिथे. माझ्याच देहात घडलं, आणि मी नव्हते.”

केशवरावांना रडू आले. निहारच्या वेळी त्यांना रडता आले नव्हते. सुनेत्राबाईंनी त्यांना थोपटले नाही, आणि उठूनही गेल्या नाहीत.

त्या फाल्गुनात द्वितीयेला कऱ्हाडच्या घरी एक पुरोहितबाई आल्या. सुनेत्राबाईंनी श्राद्ध स्वतःच्या हाताने केले. केशवरावांना आदल्या दिवशी निरोप गेला होता: “ये. पण मागे बस.” ते मागे बसले. पुरोहितबाईंनी गोत्र आणि नाव उच्चारले, सुनेत्राबाईंनी तिळांसहित पाणी सोडले, आणि ते पाणी ताम्हनात पडताना त्यांचे ओठ हलत होते. त्या काय बोलल्या, हे मागे बसलेल्याला ऐकू आले नाही. ते ऐकू येण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्यांना उमगले होते.

पुढे ते दोघे एका घरात राहिले नाहीत. दरवर्षी त्या तिथीला मात्र केशवराव कऱ्हाडला जात आणि मागे बसत.

ज्या मातेने आपल्या लेकराला दोनदा गमावले, तिला शांती लाभो. जिने अनामिक बाळाला एकटे सोडले नाही, तिची वाट सुखाची होवो. ज्याने प्रेमापोटी विचारायचे राहू दिले, त्याच्या पश्चात्तापाला कधीतरी विसावा मिळो. आणि बर्फात व रक्तात, दोन्हीकडे विरून गेलेल्या त्या तरुणाला आता कोणीही परक्यांत न मोजो.